‘स्पर्न’ लिहिण्याआधी

खारेपाटणात मुलं इंग्रजी अर्ज नि पत्रं तपासून घ्यायला माझ्याकडे येतात. बहुतेक चुका स्पेलिंगच्या नाहीतर काळाच्या असतात आणि त्यांनी कुणाचं फारसं बिघडत नाही. पण एका शब्दानं एका मुलीची हाताशी आलेली नोकरी गेलेली मी पाहिली. तेव्हापासून तो शब्द कागदावर दिसला की मी बाकीचं तपासणं थांबवतो आणि आधी त्याच्याबद्दल बोलतो.

ही मुलगी घरातली पहिली पदवीधर. पुण्याच्या एका कंपनीनं तिला नोकरी देऊ केली होती, पण वडिलांचं ऑपरेशन तोंडावर होतं. लगेच जाता येत नव्हतं, पुढे बोलावलं तर जायची तयारी होती. तिनं मोबाइलवर ‘नाकारणे’ शोधलं. समोर शब्दांची रांग आली, त्यातला जरा भारदस्त वाटणारा तिनं उचलला आणि लिहिलं, ‘आय स्पर्न युवर ऑफर.’ कंपनीचं उत्तर एका ओळीचं आलं, विषय संपवणारं. ते घेऊन ती माझ्याकडे आली. म्हणाली, “काका, मी नुसता ‘आता नको’ म्हटलंय. तेंका राग कित्याक इलो?”

राग येणारच होता. स्पर्न या शब्दात पाय आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थच लाथेनं दूर सारणं असा होता, आणि घोड्याला टाच मारायच्या आरीला इंग्रजीत ‘स्पर’ म्हणतात तो शब्दही त्याच कुळातला. आज पाय दिसत नाही, पण तुच्छता शिल्लक आहे. आपल्याकडे ‘लाथाडणे’, ‘झिडकारणे’ आहेत तसाच तो. ‘तुमची नोकरी मी लाथाडते’ असं मराठीत त्या मुलीनं कुणालाही लिहिलं नसतं. शब्दांच्या यादीनं तिला अर्थ दिला, पण तो शब्द कुणी कुणाला वापरायचा हे सांगितलं नाही.

इंग्रजीत हा शब्द बहुतेक वेळा तिसरा माणूस वापरतो, दुसऱ्याबद्दल बोलताना. कादंबरीतल्या झिडकारलेल्या प्रियकराबद्दल, मदतीचा हात दूर लोटणाऱ्या मानी माणसाबद्दल, दरबारी मानमरातबाकडे पाठ फिरवणाऱ्या साधूबद्दल. गोपाळ गणेश आगरकरांचं उदाहरण मी मुलांना नेहमी देतो. मोठ्या पगाराच्या सरकारी नोकरीची वाट सोडून ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. त्यांचं चरित्र इंग्रजीत लिहिणारा या वाटेबद्दल ‘स्पर्न्ड’ खुशाल लिहील, आणि तिथे तो गौरवच ठरेल. पण स्वतः आगरकरांनी आईला जे पत्र लिहिलं, त्यात नोकरीबद्दल तुच्छतेचा सूर नाही. मुलगा आता मोठ्या पगारावर जाईल ही तिची आशा खरी होणार नाही, आपण पोटापुरतं मिळवून उरलेला वेळ लोकांसाठी देणार, हे त्यांनी तिला हळुवारपणे समजावलं. नकार तोच, पण समोर आई होती, आणि शब्द त्या नात्याला शोभणारे होते.

हा शब्द मुलांच्या डोळ्यांत भरतो तो इंग्रजी वर्तमानपत्रांमुळे, असं मला वाटतं. मथळ्यात जागा थोडी असते, म्हणून तिथे आखूड शब्द चालतात: स्पर्न, स्नब, ॲक्स. मथळ्यात शोभला म्हणून तो पत्रातही शोभेल असं नाही, आणि मथळ्यातही तो प्रत्येक वेळी खरा असतो असं नाही. २०१० च्या सुमारास आमच्या शेजारच्या राजापूर तालुक्यात, माडबनच्या बाजूला, जैतापूर अणुप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचे चेक अनेक शेतकऱ्यांनी घेतले नाहीत. कलमं, भात, मासळी यांची काळजी त्यामागे होती. याला ‘रिफ्यूज्ड’ म्हणणं सरळ आहे. ‘स्पर्न्ड’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात माजोरडी माणसं उभी राहतात, आणि तो त्या लोकांवर अन्याय होतो.

नोकरी, आमंत्रण, स्थळ, देणगी यांना नम्रपणे ‘नको’ म्हणायचं तर ‘डिक्लाइन’. बोलण्यात ‘टर्न डाउन’ चालतो. ठाम, रोखठोक नकाराला ‘रिफ्यूज’. अर्ज, माल, प्रस्ताव तपासून बाद केला तर ‘रिजेक्ट’. आलेल्या नोकरीला उमेदवारानं हा शब्द लिहिला तर तोही जरा टोचतोच. स्पर्नची आणखी एक अडचण व्याकरणाची आहे. ‘रिफ्यूज्ड टु गो’ बरोबर आहे, पण ‘स्पर्न्ड टु गो’ असं आजच्या इंग्रजीत कुणी लिहीत नाही. स्पर्नला पुढे नाम लागतं: ऑफर, मदत, सल्ला, माणूस.

नवा शब्द मिळाला की त्याची चार-पाच वाक्यं वाचा आणि प्रत्येक वाक्यात बोलणारा कोण, नाकारलं जाणारं कोण, ते बघा. मग आपलं वाक्य आधी मराठीत लिहा आणि इंग्रजी त्याच्या शेजारी ठेवा. खारेपाटणपासून जवळच्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ सुरू केलं, त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर असाच शेजारीशेजारी दोन स्तंभांत छापला जाई. दोन वाक्यं समोरासमोर आली की कुठल्या बाजूला आवाज चढलाय ते लगेच कळतं. मोबाइलच्या भाषांतरावर विसंबणाऱ्यांनी तर एवढं करावंच. आलेलं इंग्रजी वाक्य पुन्हा मराठीत उलटवून वाचावं.

आणि असं पत्र गेलंच असेल, तर गप्प बसू नका. त्याच दिवशी दुसरं पाठवा. शब्दकोशाला दोष देऊ नका, लांबण लावू नका. शब्द चुकीचा गेला याबद्दल क्षमा, अडचण काय ती एका ओळीत, आणि कधीपासून येऊ शकता ती तारीख. या मुलीनं तसं लिहिलं. ती जागा तोवर दुसऱ्याला गेली होती, पण या वेळी उत्तर तिच्या नावानं आलं आणि पुढच्या भरतीला अर्ज करा असं त्यात होतं. तो अर्ज तिनं स्वतः लिहिला आणि पाठवण्याआधी शेजारी मराठी ठेवून मला दाखवला.