फुकट पत्रपेटीची निवड : जागा, वेग आणि भरंवसा

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. मुलगा हुशार, शालान्त परीक्षेंत चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झालेला. पुढील शिक्षणासाठीं त्यानें एका शिष्यवृत्तीकरितां अर्ज केला होता व अर्जावर वडिलांचा ईमेलचा पत्ता दिला होता. मुलाखतीची तारीख कळविणारें पत्र ईमेलनेंच यावयाचें होतें. तें आलें नाहीं. दीड महिना वाट पाहून वडील स्वतः चौकशीस गेले, तेव्हां असें कळलें कीं, पत्र वेळेवर धाडलें होतें. परंतु तें पोंचूं न शकल्यामुळें परत आलें, आणि मुलाखती होऊन पंधरा दिवस लोटले होते. घरीं येऊन पेटी उघडली, तों ती लग्नसमारंभाच्या छायाचित्रांनीं काठोकाठ भरलेली! "गुरुजी, पेटी फुकट मिळाली म्हणून घेतली. ती भरते, हें आम्हांस कोणीं सांगितलें होतें?" असें ते म्हणाले.

प्रश्न रास्त होता. तें सांगण्याचें काम आमचें होतें व आम्हीं तें केलें नव्हतें. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या घरच्या वडील मंडळींसाठीं हा पाठ आम्ही लिहीत आहों.

पेटी असते कोठें?

ईमेलची पेटी आपल्या मोबाईलमध्यें नसते, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. ती सेवा देणाऱ्या कंपनीच्या मोठ्या संगणकांत, म्हणजे सर्व्हरमध्यें असते. मोबाईल ही तिच्यांत डोकावण्याची केवळ खिडकी होय. १९७१ सालीं रे टॉमलिन्सन ह्या अमेरिकन अभियंत्यानें जाळ्यांतून एका संगणकाकडून दुसऱ्याकडे पत्र धाडण्याची युक्ति काढली, व पत्त्यांतील नांव आणि स्थळ वेगळें दाखविण्यासाठीं 'ॲट' ह्या चिन्हाची योजना केली. परंतु पुढें पुष्कळ वर्षें मनुष्यास पेटी मिळे ती बहुधा त्याच्या कचेरीची किंवा विद्यापीठाची. कोठूनहि उघडतां येणारी फुकट पेटी सामान्य माणसाच्या हातीं आली ती १९९६ सालीं. त्या वर्षीं ४ जुलै रोजीं सबीर भाटिया व जॅक स्मिथ ह्यांनीं अमेरिकेंत हॉटमेल सुरू केलें. भाटिया ह्यांचें आरंभींचें कांहीं शिक्षण पुण्याच्या बिशप्स स्कूलमध्यें झालें होतें, हें वाचून आमच्या विद्यार्थ्यांस कौतुक वाटेल. १९९७ च्या अखेरीस हॉटमेल मायक्रोसॉफ्टनें विकत घेतलें. तीच सेवा आज आउटलुक ह्या नांवानें चालते. १९९७ सालींच याहू मेल निघालें, आणि १ एप्रिल २००४ रोजीं गूगलनें जीमेल आणलें. आपल्या मुंबईंत १९९६ मध्यें स्थापन झालेल्या रेडिफचें रेडिफमेलहि आपल्याकडील पुष्कळांच्या ओळखीचें आहे.

ह्या सेवांची तुलना कशावरून करावी? तीन कसोट्या आहेत : जागा, वेग आणि भरंवसा.

पहिली कसोटी : जागा

आरंभीं हॉटमेलची पेटी अवघी २ एमबीची होती. जीमेल निघालें त्या वेळीं हॉटमेल २ एमबी व याहू ४ एमबी जागा फुकट देत असे. जीमेलनें एकदम १ जीबी, म्हणजे हॉटमेलच्या सुमारें पांचशें पट जागा देऊं केली. दिवस १ एप्रिलचा, त्यामुळें ही थट्टाच असावी असें कित्येकांस वाटलें! पण ती थट्टा नव्हती, आणि इतरांसहि मग आपल्या पेट्या मोठ्या करणें भाग पडलें.

सांप्रत जीमेलची फुकट जागा १५ जीबी आहे. मात्र ती एकट्या पत्रांची नव्हे. गूगल ड्राइव्हमधील कागदपत्रें व गूगल फोटोजमधील छायाचित्रें ह्यांचाहि तींत वांटा आहे. आउटलुक पत्रांसाठीं १५ जीबी देतें व इतर दस्तऐवजांसाठीं ५ जीबी निराळे. परंतु पत्रासोबतचीं चित्रें ह्या ५ जीबींतहि मोजलीं जातात. स्वित्झर्लंडमधील प्रोटॉन मेल पत्रांसाठीं फार तर १ जीबी फुकट देतें. याहूची गोष्ट विशेष बोधप्रद आहे. २०१३ सालीं त्या कंपनीनें १ टीबी, म्हणजे सुमारें हजार जीबी जागा फुकट दिली. आणि २०२५ सालीं ती २० जीबींवर आणली. फुकट दिलेलें दान देणारा केव्हांहि आंखडतें घेऊं शकतो, हें ह्यावरून शिकावें.

आतां थोडें गणित करूं. संगणकांत देवनागरीचें एक चिन्ह सामान्यतः ३ बाइट जागा घेतें. एक हजार चिन्हांचें पत्र ३ केबी झालें. त्यावरील पत्ते, मार्गांतील शिक्के इत्यादि धरून सढळ हातानें १० केबी मानूं. तर १५ जीबींत अशीं १५ लाख पत्रें मावतील. रोज दहा पत्रें आलीं, तरी पेटी भरण्यास चारशें वर्षें लागतील! पण मोबाईलनें काढलेलें एक छायाचित्र ३ एमबीचें धरलें, तर काय होतें पाहा. ईमेलची मूळ व्यवस्था साध्या अक्षरांसाठीं केलेली असल्यामुळें चित्र धाडतांना त्याचें अक्षरांत रूपांतर करतात, आणि त्यांत दर ३ बाइटांचे ४ होतात. म्हणजे ३ एमबीचें चित्र पत्रांत ४ एमबीचें होतें, आणि अशा ३,७५० चित्रांत पेटी संपते. एका लग्नाचीं चित्रें चार नातेवाइकांनीं धाडलीं, कीं तेवढीं व्हावयास कितीसा वेळ?

तात्पर्य, पेटी अक्षरांनीं भरत नाहीं, चित्रांनीं भरते. जीमेलची जागा संपली कीं पत्र जातहि नाहीं व येतहि नाहीं. येणारें पत्र धाडणाऱ्याकडे परत जातें. ज्याची पेटी भरली त्याला त्या पत्राचा पत्ताहि लागत नाहीं. मोठ्या संस्थांचीं पत्रें पुष्कळदां यंत्रच धाडतें. परत आलेलीं पत्रें तेथें कोणी वाचीलच असें नाहीं. आमच्या त्या विद्यार्थ्याचें नेमकें हेंच झालें.

दुसरी कसोटी : वेग

"अमुक पेटी जलद, तमुक मंद," असें लोक म्हणतात. पण त्यांत दोन निराळ्या गोष्टींची गल्लत असते. पहिली, पेटी उघडण्याचा व चित्र चढविण्याचा वेग. हा बहुतांशीं आपल्या इंटरनेटवर अवलंबून असतो. वरचेंच चित्र घ्या. ४ एमबी म्हणजे ३२ मेगाबिट. आपली जोडणी सेकंदास ४ मेगाबिट चढवीत असेल, तर ८ सेकंद लागतील. १ मेगाबिट चढवीत असेल, तर ३२ सेकंद. येथें कंपनी बदलून लाभ नाहीं. चित्र लहान करून धाडण्यांत लाभ आहे. जीमेल, याहू व आउटलुक ह्यांची एका पत्रासोबतच्या ओझ्याची मर्यादाहि २५ एमबींच्या आसपासच आहे.

दुसरी गोष्ट पत्र पोंचण्याचा वेग. पत्र एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे बहुधा कांहीं सेकंदांत जातें. पण पलीकडचा सर्व्हर बंद असेल, तर अलीकडचा तें हातीं राखून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. चारपांच दिवस तरी प्रयत्न करावा व मगच पत्र परत करावें, असा ईमेलच्या नियमांचा संकेत आहे. म्हणून 'पाठविलें' आणि 'पोंचलें' हे दोन शब्द एक नव्हेत. शिवाय पोंचलेलें पत्र कधीं कधीं 'स्पॅम'च्या कप्प्यांत, म्हणजे नकोशा पत्रांच्या ढिगांत जाऊन पडतें. जीमेल तेथील पत्रें तीस दिवसांनीं आपोआप पुसून टाकतें. तो कप्पा आठवड्यांतून एकदां न पाहणाऱ्यास वेगवान पेटीचा उपयोग तो काय?

तिसरी कसोटी : भरंवसा

भरंवसा म्हणजे तीन प्रश्नांचीं उत्तरें. पेटी हवी तेव्हां उघडते काय? आंतील पत्रें टिकतात काय? आणि दुसऱ्या कोणाच्या हातीं पडत नाहींत ना?

पहिल्या प्रश्नाविषयीं असें कीं, कधींच बंद न पडणारी सेवा जगांत नाहीं. २४ फेब्रुवारी २००९ रोजीं जीमेल सुमारें अडीच तास बंद होतें. १४ डिसेंबर २०२० रोजीं गूगलच्या बहुतेक सेवा सुमारें पाऊण तास बंद पडल्या. आणि कारण कोणतें? वापरणाऱ्याची ओळख पटविणाऱ्या त्यांच्याच यंत्रणेस जागेचा वांटा चुकून कमी मिळाला! पैसे देणाऱ्या ग्राहकांस गूगल ९९·९ टक्के वेळ सेवा चालू ठेवण्याचें वचन देतें. ऐकण्यास हा आंकडा मोठा. पण वर्षाच्या ८,७६० तासांतील एक हजारांश भाग म्हणजे पावणेनऊ तास होतात. फुकट पेटीस तर तेवढेंहि वचन नाहीं. म्हणून अर्जाच्या शेवटच्या दिवशीं शेवटच्या तासास पेटी उघडूं नये.

दुसरा प्रश्न टिकण्याचा. फेब्रुवारी २०११ मध्यें एका चुकीमुळें जीमेलच्या सुमारें ०·०२ टक्के, म्हणजे दर पांच हजारांत एका ग्राहकाची पेटी अचानक रिकामी दिसूं लागली. गूगलनें त्या पत्रांच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणीं ठेविल्या होत्या. पण चूक सर्वत्र पसरली. अखेर पत्रें परत मिळालीं तीं जुन्या पद्धतीच्या चुंबकीय फितींवरून; कारण फिती चालू यंत्रांपासून वेगळ्या ठेवलेल्या होत्या. महत्त्वाच्या कागदाची एक प्रत निराळ्या जागीं असावी, हा धडा जगांतील एका मोठ्या कंपनीसहि असा मिळाला. त्याखेरीज, वापर नसलेली पेटी फार काळ टिकत नाहीं. दोन वर्षें न उघडलेलें खातें गूगल काढून टाकूं शकतें, आणि याहूची मुदत तर बाराच महिन्यांची आहे.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा. २०१३ सालीं याहूच्या ग्राहकांची माहिती चोरीस गेली. आरंभीं कंपनीनें १०० कोटी खात्यांचा आंकडा सांगितला. २०१७ मध्यें कबूल केलें कीं, त्या वेळचीं सर्वच, म्हणजे ३०० कोटी खातीं त्यांत होतीं. प्रोटॉन मेल हें २०१४ सालीं जिनीव्हाजवळील सर्न संशोधनसंस्थेंतील शास्त्रज्ञांनीं काढलें. तेथें पत्रें अशा गुप्त लिपींत ठेवतात कीं, सांठविलेलीं पत्रें कंपनीसहि वाचतां येत नाहींत. पण ह्याचीहि किंमत आहे : पासवर्ड विसरला आणि पूर्वतयारी केलेली नसली, तर जुनीं पत्रें कायमचीं मिटलीं. कुलूप जितकें बळकट, तितकी किल्ली जपण्याची जबाबदारी मोठी.

मग कोणती पेटी घ्यावी?

आमचें मत असें. ज्याचीं चित्रें व कागदपत्रें दुसरीकडे ठेवण्याची सोय आहे, त्यास जीमेल पुरेसें आहे. चित्रें त्याच जागेंत सांठविण्याची ज्या घराची संवय आहे, त्यानें पत्रांसाठीं निराळी जागा देणाऱ्या आउटलुकचा विचार करावा. पण पत्रांबरोबर चित्रांचे गठ्ठे तेथेंहि साचूं देऊं नयेत. ज्यास गुप्तता अधिक प्रिय, त्यानें लहान जागा पत्करून प्रोटॉन घ्यावें. परंतु खरें सांगावयाचें तर, पेटी कोणती ह्यापेक्षां ती राखणारा कसा, ह्यावरच अधिक अवलंबून आहे. म्हणून पुढील नियम प्रत्येकानें पाळावे :

१. अर्ज, परीक्षा व शिष्यवृत्ति ह्यांसाठीं एक पेटी वेगळी ठेवावी. तींत समारंभाचीं चित्रें येऊं देऊं नयेत.

२. महिन्यांतून एकदां किती जागा उरली तें पाहावें. मोठीं पत्रें आधीं काढावीं व कचऱ्याचा कप्पाहि रिकामा करावा.

३. पासवर्ड दुसऱ्या कोठें वापरलेला नसावा, दुहेरी पडताळणी चालू ठेवावी आणि खात्यास जोडलेला मोबाईल क्रमांक बदलल्यास तेथेंहि बदलावा.

४. गुणपत्रिका, दाखले व महत्त्वाचीं पत्रें ह्यांची एक प्रत पेटीबाहेर ठेवावी.

५. अपेक्षित पत्र आठवड्यांत न आल्यास स्पॅमचा कप्पा पाहावा, आणि तेथेंहि नसल्यास संकोच न करितां फोननें किंवा समक्ष चौकशी करावी.

घरांतील वडील मंडळींस हें एकट्यानें जमेलच असें नाहीं. तेथें मुलांनीं पुढें व्हावें. पूर्वीं शाळेंत जाणारा मुलगा आजीचें पत्र वाचून दाखवी; आतां त्यानें तिची पेटी झाडून द्यावी.

ज्या विद्यार्थ्यामुळें हा पाठ लिहिला गेला, त्याचें एक वर्ष गेलें. त्यानें आतां स्वतःची निराळी पेटी घेतली आहे व यंदा पुन्हा अर्ज केला आहे. उत्तर अद्याप यावयाचें आहे. परवां तो भेटला तेव्हां आम्हीं विचारलें, "पेटींत जागा आहे ना?" तो हंसून म्हणाला, "गुरुजी, रोज पाहतों."