शस्त्रापूर्वी रोहिणीचा तपास

कसालहून कर्करोगाच्या शस्त्रक्रियेसाठी निघालेला रोगी बांबोळीस, कोल्हापुरास किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात पोहोचतो, तेव्हा त्याच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा असतो. परंतु शस्त्रवैद्याला जिची खरी निकड, ती सिटी स्कॅनची मूळ चित्रे असलेली सीडी पुष्कळदा घरच्या कपाटातच राहून जाते. माझ्या गावच्या एका आबांना कावीळ होऊन स्वादुपिंडाच्या शीर्षभागी गाठ आढळली, तेव्हा सोबतच्या अहवालात गाठीचे माप तेवढे होते, रोहिण्यांविषयी एक अक्षर नव्हते. मी तपासणी पुन्हा सांगितली. “फोटो तर झालो, मगे परत कित्याक?” हा त्यांच्या मुलाचा प्रश्न रास्तच होता. मूत्रपिंडाचे कार्य तपासून रंगद्रव्य दिले आणि ते रोहिण्यांत असतानाच बारीक छेदांची चित्रे घेतली. त्यांत यकृताच्या उजव्या भागाची रोहिणी नेहमीच्या उगमातून न निघता, आतड्यांच्या मोठ्या रोहिणीतून निघून स्वादुपिंडाच्या व पित्तनलिकेच्या मागून वर चढताना स्वच्छ दिसली.

हा काही रोग नव्हे. निकोलस मिशेल्स यांनी २०० शवविच्छेदनांवरून १९६६ साली यकृताच्या रोहिण्यांचे दहा प्रकार नोंदविले, त्यांत पुस्तकी रचना निम्म्याहून किंचित अधिक देहांतच आढळली होती. यकृताला सुमारे तीन-चतुर्थांश रक्त प्रतिहारी शिरेतून मिळते, तेव्हा एखादी रोहिणी गेली तरी निभावेल, असे मानणे मात्र घातक आहे. कारण पित्तनलिका रोहिणीच्या रक्तावरच जगते, आणि स्वादुपिंडाचा शीर्षभाग काढण्याच्या व्हिपल शस्त्रक्रियेत खालून येणाऱ्या तिच्या बारीक वाहिन्या कापल्या गेल्यावर आतड्याशी जोडलेला तिचा सांधा भरून येण्यास वरून येणारे तेवढेच रक्त उरते. ते तुटले, तर सांधा गळतो आणि यकृतात गळवे होतात.

म्हणून तरुण शस्त्रवैद्यांना माझे आग्रहाचे सांगणे असे, की चित्रात काहीही दिसो, पित्तनलिका छेदण्याआधी तिच्यामागे बोट घालून स्पंदन चाचपावे, आणि आद्यांत्राकडे उतरणारी रोहिणी बांधण्याआधी ती क्षणभर दाबून यकृताकडील ठोका टिकतो का ते पाहावे. तो मावळला, तर यकृत त्याच वाटेने पोसले जात आहे असे समजून हात आवरावा. आबांची रोहिणी आम्ही उगमापासून मोकळी करून रबरी फितीत धरली, मगच गाठ काढली. गाठीने तिला वेढलेच असते, तर तेवढा तुकडा कापून टोके जोडण्याची तजवीज आधीच ठेवली होती. जठराच्या कर्करोगातही हीच खबरदारी हवी, कारण यकृताच्या डाव्या भागाची रोहिणी कधीकधी जठराच्या डाव्या रोहिणीतून निघते, आणि जठराची ही रोहिणी तर मुळाशीच बांधण्याचा प्रघात आहे.

घरच्या मंडळींनी सीडी रोग्याबरोबर न्यावी, आणि काविळीवर नलिकेत स्टेंट बसविण्याचे ठरले, तर त्याआधी रोहिण्यांचा स्कॅन झाला आहे का, हे अवश्य विचारावे. स्टेंट बसल्यावर त्याची छाया आणि भोवतालची सूज ही चित्रे गढूळ करतात.