घर की आरोग्यधाम? : क्षयरोगावरील मद्रासचा प्रयोग

क्षयरोग हा मुख्यतः फुप्फुसांचा, दीर्घकाळ रेंगाळणारा रोग होय. युद्धावरून परतलेल्या क्षयग्रस्त सैनिकांची शुश्रूषा हा अनेक देशांपुढे बिकट प्रश्न असे. अमेरिकेत १९४६ साली माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी भूदल व नौदल यांच्या सहकार्याने, एकाच आराखड्यानुसार, स्ट्रेप्टोमायसिन या नव्या औषधाची पारख आरंभिली. पुढे आणखी औषधे हाती आली.

माजी सैनिकासाठी सरकारी रुग्णालये होती. भारतातील गरीब रोग्याला खाट कोठून मिळावी? आरोग्यधामातील विश्रांती, सकस आहार व मोकळी हवा यांवाचून क्षय बरा होत नाही, अशी तेव्हा समजूत होती. ती खरी असती, तर बहुसंख्य रोग्यांना आशाच उरली नसती.

हिचा निर्णय करण्यासाठी १९५६ साली मद्रास (आजचे चेन्नई) शहरात, नुंगंबाक्कमशेजारच्या चेटपेट भागात, एक संशोधन केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा त्यात सहभाग होता. डॉ. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली १९३ रोग्यांवर प्रयोग झाला. कोणी घरी राहावे व कोणी आरोग्यधामात जावे, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता यदृच्छेने ठरविले. एरवी अधिक आजारी रोगी एकाच गटात जाऊन तुलना फसली असती. औषधे मात्र दोन्ही गटांस तीच होती : आयसोनायझिड व पी.ए.एस., वर्षभर. घरचे रोगी औषध घेतात की नाही, हे पाहण्यासाठी अवचित भेटी देऊन गोळ्या मोजल्या जात व लघवी तपासली जाई.

१९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षाअखेर आरोग्यधामातील शेकडा ९२, तर घरच्या शेकडा ८६ रोग्यांचा रोग शमल्याचे बेडक्याच्या जंतुपरीक्षेवरून दिसले. घरच्या रोग्यांचा आहार निकृष्ट व घरे दाटीची असूनही अंतर एवढे थोडे होते. रोगी घरी राहिल्याने कुटुंबीयांना अधिक धोका पोहोचला नाही, हेही पुढील पाहणीत आढळले. कारण औषध सुरू झाल्यावर रोग्याची संसर्गक्षमता लवकर घटते.

१९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने घरगुती उपचाराचाच मार्ग पत्करला. चेटपेटचे ते केंद्र आज राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. मात्र बरे वाटू लागताच औषध सोडल्यास रोग उलटतो आणि औषधाला न जुमानणारे जंतू निपजू शकतात. खाटेवाचून क्षय बरा होतो. नियमितपणावाचून होत नाही.