सतरंजी झटकताना वारा कुठला आहे ते पाहा

वर्षावास सुरू झाला की विहारात आणि घरोघरी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते. सतरंजी अंथरली जाते, लहानथोर तिच्यावर बसतात. आपल्या वस्तीतल्या एका खोलीच्या घरात तर तीच सतरंजी बसायला, जेवायला आणि रात्री निजायलाही असते. नेमके याच दिवसांत लेकरांचा खोकला, पहाटेच्या शिंका आणि दम लागणे वाढते. त्याचे एक कारण आपल्या अंथरुणातच असू शकते.

सतरंजी, वाकळ, गादी यांत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे राहतात. ते चावत नाहीत. आपल्या अंगावरून गळणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर ते जगतात आणि हवेतली ओल शोषून घेतात. म्हणूनच कोल्हापूरच्या पावसात ते फोफावतात. त्यांची विष्ठा धुळीबरोबर नाकात गेली की ॲलर्जी असलेल्यांना शिंका येतात, दमा उसळतो. ओलसर सतरंजीला बुरशी धरली तर त्रास आणखी वाढतो. यावर पहिला उपाय एकच, अंथरूण कोरडे ठेवणे.

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात भिक्खूंनी निवासाची निगा कशी राखावी हे सांगितले आहे. जमिनीवरचे अंथरूण बाहेर नेऊन उन्हात टाकावे, साफ करावे, झटकावे आणि पुन्हा होते तसे अंथरावे. इतर भिक्खूंच्या जवळ किंवा पिण्याच्या पाण्याजवळ झटकू नये. वारा जिकडे वाहतो त्या बाजूला जाऊन झटकावे. आपली धूळ दुसऱ्याच्या नाकात जाऊ नये, ही काळजी त्यात आहे. आणि जो तिथे राहतो त्यानेच हे काम करायचे आहे. मग आपल्या घरी ते एकट्या आईवर किंवा लेकीवर का पडावे?

घरी एवढे करा :

• सकाळी उठल्याबरोबर अंथरुणाची घडी घालू नका. घामाची ओल जाईपर्यंत दोरीवर टाका. पावसात उघडीप मिळाली की आधी सतरंजी बाहेर काढा.

• झटकताना नाकातोंडाला कापड बांधा. दम्याचा रुग्ण आणि लहान मुले लांब ठेवा. खोलीत झटकू नका.

• फरशीला ओल येत असेल तर सतरंजीखाली प्लास्टिकचा कागद घाला आणि तो रोज उचलून पुसा.

• सुती सतरंजी जमेल तेव्हा कडक गरम पाण्यात भिजवून धुवा. साधारण 60 अंशांच्या पाण्यात हे किडे मरतात. जळण परवडत नसेल तर साध्या पाण्यानेही बरीच घाण निघून जाते. ओली सतरंजी जड होते. दोघांनी मिळून पिळा.

• घोंगडे गरम पाण्यात घालू नका, ते आटते. झटकून ऊन द्या.

• रक्ताचा किंवा दुधाचा डाग आधी गार पाण्याने काढा. गरम पाण्याने तो पक्का बसतो.

• घरात खरूज असेल तर सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत आणि अंथरूण त्याच दिवशी गरम पाण्यात धुवावे. जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून आठवडाभर वेगळे ठेवावे.

• अंथरुणावर किडे मारायचे औषध कधीही फवारू नका.

2019 आणि 2021 चा महापूर आपण विसरलेलो नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. नदीकाठच्या घरांनी 39 फुटांची बातमी कळताच अंथरूण बांधून उंचावर ठेवावे. पुरात भिजलेली कापसाची गादी दोन दिवसांत पूर्ण वाळली नाही तर टाकून द्यावी. जीव हळहळतो, पण आजार जास्त महाग पडतो. सतरंजीचा चिखल काढताना हातमोजे आणि बूट घाला. उंदराच्या मुतातून येणारा लेप्टोचा आजार पायाच्या भेगांतून शिरतो. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

स्वच्छता ही औषधाच्या जागी नाही. लेकराची छाती वाजत असेल, दम लागत असेल तर दवाखान्यात दाखवा. डॉक्टरांनी पंप दिला तर ‘सवय लागेल’ या भीतीने तो बंद करू नका. त्याची सवय लागत नाही.

येत्या रविवारी उघडीप मिळाली तर घरच्या सतरंजीबरोबर विहाराचीही बाहेर काढू या. मात्र आधी वारा कुठला आहे ते पाहू या.

नमो बुद्धाय! जय भीम!