साइटवर उभं कोण राहणार?

घर बांधू की तयार घेऊ, हे तुझं सगळ्यांना विचारून झालं, आणि सगळ्यांनी तुला स्क्वेअर फुटाचे दर सांगितले. मी दर सांगणार नाही. मला फक्त एवढं सांग: कराडच्या त्या प्लॉटवर काम सुरू झालं, की भर दुपारी तिथं उभं कोण राहणार?

हसू नकोस गं. आमचं सांगलीचं घर बघून तुला बांधायची हौस आलीय, हे मला ठाऊक आहे. ऐसपैस ओटा, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी, भांडी घासायला मागं वेगळी मोरी. पण ते घर आम्ही दोघांनी बांधलेलंच नाही, नानांनी बांधलंय. माझे सासरे तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. सकाळी डबा घेऊन जायचे ते मिस्त्री हातपाय धुऊन घरी निघेपर्यंत तिथंच.

स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी ते शिडीवरून वर चढले, तर सळईची जाळी थेट सेंट्रिंगच्या पत्र्यावर टेकलेली. खाली कव्हर ब्लॉकच नाहीत! ठेकेदार म्हणाला, ‘नाना, सकाळी सातला मिक्सर येतोय.’ नाना म्हणाले, ‘येऊ दे, उभा राहील.’ ब्लॉक आणवले, जाळी उचलून बसवले, तेव्हाच खाली उतरले. सिमेंटचे ते चौकोनी तुकडे अगदीच किरकोळ असतात. पण ते नसले तर सळई खालून जवळजवळ उघडी राहते, तिला ओल लागते, गंज चढून ती फुगते आणि काही वर्षांनी छताचे पापुद्रे ताटात पडायला लागतात. एकदा काँक्रीट पडलं की आत काय आहे ते कुणाला दिसतंय?

पाण्याचंही तसंच. हल्ली दुकानात मिळतं ते बहुतेक पीपीसी सिमेंट, त्याला किमान 10 दिवस ओल हवी. स्लॅबवर आळी करून पाणी साठवतात ते ठीक, पण उभ्या कॉलमचं काय? त्यांना बारदान गुंडाळून सारखं भिजवावं लागतं, आणि एप्रिलात सकाळी मारलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं. तू हिंजवडीतून फोन करशील, ‘पाणी मारलं का?’ तिकडून उत्तर येईल, ‘मारलं की ताई.’ झालं. तुम्ही दोघं पुण्यात, बाबांचे गुडघे असे, आणि शनिवारी-रविवारी कराडला जाऊन बघू म्हणतेस. अगं, रविवारी काम बंद असतं!

शिवाय ती कृष्णाकाठची काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया त्या मातीत थांबवून भागत नाही, खाली मुरूम लागेपर्यंत जावं लागतं, आणि चौथऱ्यातही ती भरायची नाही. मुरूम किती फुटांवर लागेल हे खड्डा घेतल्यावर कळणार, ठेकेदाराचा दर मात्र त्याआधीच ठरलेला. म्हणजे पहिलं ‘एक्स्ट्रा’ जमिनीखालीच निघतं. त्या दरात कंपाउंड, गेट, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, बोअर, विजेचं कनेक्शन यातलं काय धरलंय ते लिहून घेतलं नाही, तर प्रत्येक गोष्टीला वेगळा आकडा येतो. बँकही कर्ज एकदम देत नाही. चौथरा झाला की थोडं, स्लॅब पडला की थोडं. तोवर पुण्याचं भाडं चालूच, वर दिलेल्या पैशांचं व्याज.

आमच्या जावईबापूंचा मुद्दा मी ऐकलाय. सप्टेंबर 2025 मध्ये सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, म्हणून आता बांधणं स्वस्त. आलाय, खरंय. पण पूर्णत्वाचा दाखला मिळालेलं घर घेतलं तर त्या खरेदीवर जीएसटी लागतच नाही, हेही त्याला सांग. मुद्रांक शुल्क मात्र तयार घरात पूर्ण घराच्या किमतीवर जातं, प्लॉटच्या वेळी नुसत्या जमिनीवर. तिथं बांधणारा वाचतो, नाकारत नाही. तयार घर फक्त तुझ्या एकटीच्या नावावर घेतलंस तर महाराष्ट्रात महिलांना 1 टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की ती गेली. घे तुझ्याच नावावर. रुसला तर मी बघते त्याच्याकडे.

आता दुसऱ्या बाजूचंही ऐक. तू बघितलेली ती नवी कोरी चार रो-हाऊसं, गुळगुळीत पुट्टी आणि छताला दिवे. बिल्डर म्हणाला ना, ‘आम्हाला रेरा लागत नाही’? खोटं बोलला नसेल. 500 चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत घरं असली तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची नाही. पण म्हणजे महारेराच्या साइटवर तुला त्याचे नकाशे, मंजुऱ्या, काहीच बघायला मिळणार नाही. आणि तिथंही काम चालू असताना उभं कोण होतं? बिल्डरचाच ठेकेदार.

माझं मत विचारशील तर तिसरंच घर शोध. चार-पाच वर्षं कुणीतरी राहिलेलं. तुला ‘जुनं’ म्हटलं की नाक मुरडायची सवय आहे, पण त्या घरावरून चार-पाच पावसाळे गेलेले असतात. माती बसायची तेवढी बसलेली असते, भेगा पडायच्या तिथं पडून गेलेल्या असतात. नव्या रंगाखाली हे काही दिसत नाही.

बघायला जाशील ती ऑगस्टात जा. बाथरूमच्या पाठीमागची भिंत गुडघ्याएवढ्या उंचीवर हाताने चाचप. पांढरा खार किंवा पोपडे असले तर आतून पाणी मुरतंय. चार भिंती जुन्या आणि एकच ताजी रंगवलेली असली, तर तिथंच जास्त वेळ थांब. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओत आणि जाळीकडे जातंय की दाराकडे येतंय ते बघ. फरशीवर नाणं आपटत चाल, पोकळ वाजलं की समजायचं. गच्चीवर डबकं साठतंय का, ते बघितल्याशिवाय खाली उतरू नकोस.

कागदांत मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. नकाशात एक मजला आणि जागेवर दोन असं असेल तर चहा पिऊन निघून ये.

पूर्वेची खिडकी अशा घरात मिळेलच असं नाही. मोरी मागं काढता येईल, मधली विटांची भिंतही इंजिनिअरला विचारून पाडता येईल, कॉलम-बीमला मात्र हात लावता येत नाही. तेवढं मन मारावं लागेल.

प्लॉटचा बयाणा अजून दिला नाहीयेस ना? मग देऊ नकोस. बाबांशी मी बोलते, तू आधी एजंटला फोन कर आणि चार-पाच वर्षांची घरं दाखव म्हणून सांग.