ज्येष्ठांमधील दीर्घकालीन अतिसार : कारणमीमांसा

14 दिवसांहून अधिक टिकणाऱ्या अतिसारास चिवट, तर 4 आठवड्यांपलीकडे गेलेल्यास दीर्घकालीन अतिसार म्हणतात. चेन्नईलगतच्या ओरगडमसारख्या औद्योगिक परिसरातील ज्येष्ठ रुग्णाबाबतही केवळ दूषित पाणी हेच कारण गृहीत धरणे योग्य नव्हे. जिआर्डिआसारखे परजीवी, आतड्याचा क्षयरोग, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने अभ्यासलेला उष्णकटिबंधीय स्प्रू, मधुमेहावरील मेटफॉर्मिन, प्रतिजैविकांनंतरचा जिवाणुसंसर्ग, थायरॉइडचा अतिस्राव व मोठ्या आतड्याचा कर्करोग ही संभाव्य कारणे होत. जुनाट बद्धकोष्ठतेतही साचलेल्या मळाच्या कडेने पातळ मल झिरपतो. तेथे जुलाब रोखणारे औषध अपायकारक ठरते. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. म्हणून प्रथम जलसंजीवनी द्यावी आणि रक्तस्राव वा वजनघट आढळल्यास तत्काळ तपासणी करावी.