ओटीपोटाचे जुने दुखणे: पिशवी काढण्याआधी



भाताची लावणी असो की उसाची भांगलण, आपल्या रत्नागिरीकडे बाई दिवसभर वाकलेली नाहीतर उभी. संध्याकाळी म्हणते, "ओटीपोट जड झालंय, खाली ओढ लागलीय." रात्री आडवी झाली की बरे वाटते. असे वर्षानुवर्षे चालते. सोनोग्राफीत काही निघत नाही, मग घरचे म्हणतात, हिच्या मनाचेच खेळ!

यातली काही दुखणी शिरांची असतात. मोटारीचा फूट व्हॉल्व्ह गळू लागला की चढलेले पाणी परत विहिरीत उतरते, हे तुम्हाला सांगायला नको. रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांतही अशाच झडपा असतात. गरोदरपणात बीजकोशाच्या शिरा रुंदावतात. दोन-तीन बाळंतपणांनंतर कुणाकुणाच्या झडपा नीट मिटत नाहीत, रक्त खाली साचते आणि शिरा फुगतात. पुरुषांच्या व्हेरिकोसीलसारखाच हा प्रकार, फक्त आत दडलेला. पाळीआधी व संबंधानंतर ठणका वाढतो. कधी मांडीच्या आतल्या बाजूला फुगलेल्या शिरा दिसतात.

आता ऊसवाल्यांनी ऐकावे असे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या प्रश्नावर २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्या सगळ्यांना शिरांचा विकार होता असे मुळीच नाही. मजुरी बुडण्याची धास्ती आणि कॅन्सरची भीती हीही कारणे पुढे आली. पण दुखणे शिरांचे असेल तर नुसती पिशवी काढून ते थांबेलच असे नाही.

साधी सोनोग्राफी झोपवून करतात, आणि झोपल्यावर शिरा बऱ्याच रिकाम्या होतात. म्हणून डॉपलर तपासणीबद्दल विचारावे; ती उभे करून किंवा पोटावर जोर द्यायला लावून करता येते. शीर फुगली म्हणजे दुखणे तिचेच, असेही नव्हे. गाठी, जंतुसंसर्ग वगैरे आधी तपासावे लागते. शीरच कारण ठरली तर मानेतून किंवा जांघेतून बारीक नळी घालून, तारेची गुंडाळी सोडून ती बंद करता येते. पिशवी जागेवर राहते.

रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात किंवा डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात दाखवताना दुखणे उभ्याने वाढते की कसे, हे बाईने स्वतः सांगावे. नवऱ्याने मध्ये बोलू नये. नळीचा उपचार कुठे होईल तेही तिथेच विचारून घ्यावे. मात्र एकाएकी जोराची कळ, ताप किंवा फार रक्तस्राव असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.